बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेतले की दम का लागत नाही?

विहीरकाठ

नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातला, वय ६१, शेती करतो. आमच्या मळ्यातल्या विहिरीवर पस्तीस-एक वर्षं दर उन्हाळ्यात पोरांना पोहायला शिकवतो. आधी पाठीला डबा, मग डबा सोडून कमरेला दोर, मग दोरही सोडायचा. विहीर जुन्या बांधणीची आहे, पायऱ्या पार पाण्यात उतरतात, आणि मे महिन्यातही तीन परस पाणी असतं, म्हणजे अठरा फूट धरा.

पुतण्याचा मुलगा पुण्याहून सुट्टीला आलाय. चौदा वर्षांचा आहे, माझ्याच हाताखाली शिकला, उत्तम पोहतो. आमच्या विहिरीवर जुना खेळ आहे. पितळेची वाटी पाण्यात सोडायची आणि तळ गाठून काढून आणायची. यंदा या पोराने मोबाईलवर बघून एक नवीन प्रकार आणला. पायरीवर बसून तीसेक वेळा जोरजोरात, भराभर श्वास घ्यायचा आणि सोडायचा, आणि मग बुडी मारायची. एरवी त्याचा दम पन्नास-पंचावन्न सेकंदांचा. असं केल्यावर दीड मिनिटाच्या पुढे जायला लागला. मी घड्याळ लावून मोजलंय. बाकीची पोरंही मग तेच करायला लागली. कुणी म्हणे हाताला मुंग्या येतात, कुणी म्हणे डोकं हलकं होतं.

गेल्या मंगळवारी तो वाटी घेऊन वर आला. डोकं पाण्याबाहेर आलं, पण त्याने श्वास घेतला नाही. डोळे उघडे होते, त्यात ओळख नव्हती. ओठ जांभळट झालेले. बघता बघता मान कलंडली, वाटी हातातून सुटली आणि पोरगं परत खाली जायला लागलं. मी पाण्यालगतच्या पायरीवर होतो म्हणून बरं. कपड्यांसकट उडी टाकली, केसाला धरून वर काढला. पायरीवर आडवा करतोय तेवढ्यात त्याने मोठा श्वास ओढला, खोकला आणि मला म्हणाला, "अण्णा, काय झालं?"

तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवलं. छाती साफ आहे, ऊन लागलं असेल म्हणाले. घरातल्या मोठ्यांनी विहिरीवरच्या साती आसरांना नारळ दिला, त्याला माझी ना नाही. पण मला तीन रात्री झोप नाही. पोरगं एकच गोष्ट सांगतंय: "अण्णा, मला दम लागलाच नव्हता. अजून थांबू शकलो असतो."

माझा सगळा भरवसा दमावर होता. पस्तीस वर्षं पोरांना सांगत आलो की घाबरू नका, दम लागला की वर या, शरीर तुम्हाला सांगेल. मग याच्या शरीराने याला का सांगितलं नाही? कुणी जाणकार असेल तर नीट समजावून सांगा. अजून वीस दिवस सुट्टी आहे आणि विहिरीवर रोज पंधरा पोरं येतात.

लेन_चार

काका, पोरगं वाचलं हे फार मोठं झालं. मी शाळा-कॉलेजात असताना तलावात पोहायचो, स्पर्धाही केल्या. पाण्याखालून पंचवीस मीटरचा तलाव पार करायची पैज लागली की आम्ही हेच करायचो, आधी दहा-पंधरा जोरदार श्वास. आमचा समज असा की टाकी काठोकाठ भरते, ऑक्सिजन जास्त साठतो. कुणी अडवलंही नाही. तुमच्या पोराच्या बाबतीत उपाशीपोटी असणं किंवा साखर कमी होणं असं काही असेल का? टाकी भरलेली असताना बेशुद्ध व्हायचं कारण मलाही समजत नाही.

भूलतज्ज्ञ_कोल्हापूर

काका, आधी एवढं करा. आजपासून बुडीआधीचे ते भराभर श्वास पूर्ण बंद. उद्यापासूनसुद्धा नको, आजपासून. आता कारण लिहिते.

मी भूलतज्ज्ञ आहे, बावीस वर्षं झाली. माणसाचा श्वास काही तास आपल्या हातात घ्यायचा आणि मग त्याचा त्याला परत करायचा, हे माझं रोजचं काम. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी रोज ऑपरेशन संपताना बघते. स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा असर उतरवलेला असतो, भुलेचा वायू बंद केलेला असतो, ऑक्सिजन भरपूर चालू असतो आणि बोटावरचं यंत्र १०० दाखवत असतं. तरी पुष्कळदा पेशंट श्वास घेत नाही. भुलेचा अंमल थोडा शिल्लक असतो हे खरं, पण दुसरं कारण असं की व्हेंटिलेटरने गरजेपेक्षा जास्त हवा खेळवल्यामुळे त्याच्या रक्तातला कार्बन डायऑक्साईड उतरलेला असतो. मग मी पिशवी हातात घेते आणि मुद्दाम कमी श्वास देते. पडद्यावरचा कार्बन डायऑक्साईडचा आकडा ३० वरून ३५, मग ४०, ४५ असा चढत जातो. आणि कधीतरी ती पिशवी माझ्या हातात आपणहून हलकीशी आत ओढली जाते. तो त्याचा स्वतःचा पहिला श्वास. इतक्या वर्षांनंतरही त्या क्षणी मला बरं वाटतं.

म्हणजे श्वास घे म्हणून जो टोचत असतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साईड. ऑक्सिजन संपला म्हणून दम लागतो असं आपण समजतो, ते बरोबर नाही. मानेच्या वर, मेंदूच्या देठाशी मस्तिष्कपुच्छ नावाचा भाग आहे. रक्तातला कार्बन डायऑक्साईड वाढला की तो मेंदूभोवतीच्या पाण्यात उतरतो आणि ते पाणी किंचित आम्लधर्मी होतं. तिथल्या काही पेशी ही आम्लता ओळखतात आणि श्वास वाढवायला लावतात. श्वासाचा ताल धरणारा पेशींचा एक छोटा पुंजकाही तिथेच आहे. तो १९९१ साली जॅक फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिला. त्याला प्री-बॉटझिंगर कॉम्प्लेक्स म्हणतात, आणि हे नाव जर्मनीतल्या एका वाईनच्या बाटलीवरून पडलंय. तिथून निघालेला हुकूम मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मज्जातंतूंतून खाली, छाती आणि पोट यांच्या मधल्या पडद्याच्या स्नायूपर्यंत जातो. झोपेतही हे चालू राहतं.

आता तुमच्या नातवाचं बघू. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या रक्तात कार्बन डायऑक्साईडचा दाब पाऱ्याचे सुमारे ४० मिलिमीटर असतो. साधा श्वास भरून बुडी मारली, तर हा दाब चढत चढत पन्नाशीच्या आसपास गेला की छातीत ओढ लागते, पडदा आपणहून झटके द्यायला लागतो आणि माणूस वर येतो. तुम्ही ज्याला दम लागणं म्हणता ते हेच. तीस वेळा भराभर श्वास घेतले की हा दाब २०-२५ पर्यंत उतरू शकतो. बुडी सुरू होतानाच सूचना देणारा काटा इतका मागे सरकलेला असतो, की त्याला पन्नाशी गाठायला पुष्कळ वेळ लागतो.

आणि ऑक्सिजन? लेन_चार, तुमची टाकीची कल्पना सगळ्यांचीच असते, पण आकडे बघा. निरोगी माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन साध्या श्वासावरच ९७-९८ टक्के भरलेलं असतं. शंभराच्या वर ते जाऊ शकत नाही. फुफ्फुसांतल्या हवेत ऑक्सिजन थोडा वाढतो, मोठ्या माणसातही पाव लिटरपेक्षा कमी. स्वस्थ बसलेलं शरीर मिनिटाला सुमारे पाव लिटर ऑक्सिजन वापरतं आणि हातपाय मारत तळाला जाणारं त्याच्या कितीतरी पट. म्हणजे टाकीत जेमतेम भर पडते, आणि टाकी संपत आल्याचं सांगणारा काटा मात्र बंद होतो. मुलगा आनंदात खाली फिरत राहतो, ऑक्सिजन उतरत राहतो. रक्तातला ऑक्सिजनचा दाब तिशीच्या आसपास आला की शुद्ध जाते, आणि ती जाताना काही सांगून जात नाही. म्हणून तो म्हणतोय तेच खरं आहे. त्याला दम लागलाच नव्हता.

मुंग्या आणि डोकं हलकं होणं त्याच कारणाने. कार्बन डायऑक्साईड उतरला की रक्त अल्कधर्मी होतं, त्यातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं, म्हणून बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. मेंदूच्या रक्तवाहिन्याही आकसतात. पोरांना ती ताकद वाढल्यासारखी वाटते. खरं तर मेंदूकडे जाणारं रक्त तेवढं कमी झालेलं असतं.

तो तळाला ठीक होता आणि वर आल्यावर का गेला, हे तुम्ही विचारलं नाहीत पण मनात आलं असेल. तीन परस पाण्याखाली हवेवरचा दाब इथल्या दीडपटीच्या आसपास असतो. छातीतली हवा दाबली गेलेली असते, म्हणून उरलासुरला ऑक्सिजनही रक्तात ढकलला जातो. वर येताना दाब उतरतो आणि ऑक्सिजनचा जोर एकदम एक-तृतीयांशाने पडतो. खाली ४५ असेल तर वर येईपर्यंत तिशीवर. म्हणून बेशुद्धी शेवटच्या हात-दोन हातांत किंवा पाण्याबाहेर तोंड आल्यावर येते. या प्रकाराचा नीट अभ्यास अमेरिकेत अल्बर्ट क्रेग यांनी १९६१ मध्ये मांडला. बळी बहुधा चांगले पोहणारेच असतात, कारण ज्याला नीट पोहता येत नाही तो एवढा वेळ खाली थांबतच नाही.

विहीरकाठ

ताई, तुमचं उत्तर दोनदा वाचलं, मग पोराला शेजारी बसवून मोठ्याने वाचून दाखवलं. त्याचा चेहरा उतरला. मी त्याला रागावलो नाही. चूक त्याची एकट्याची नाही, घड्याळ लावून मीच मोजत होतो.

एक अडतंय. ऑक्सिजनशिवाय माणूस जगत नाही. मग देवाने म्हणा, निसर्गाने म्हणा, खबर देणारा माणूस कार्बन डायऑक्साईडच्या दारात का बसवला? ऑक्सिजन कमी झालेला शरीराला अजिबात कळत नाही का?

डोंगरयात्री

काकांच्या प्रश्नाला जोडून माझाही एक विचारतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं लेहला विमानाने उतरलो. पहिल्या रात्री बायकोला जाग आली ती माझ्या श्वासाने. ती सांगते, मी झोपेत पाच-सहा मोठेमोठे श्वास घ्यायचो आणि मग एकदम शांत. तिने मोजलं, दहा-बारा सेकंद काही नाही. मग परत मोठे श्वास. तिने रात्रभर माझ्या छातीवर हात ठेवून काढली. मुंबईत परत आल्यावर तसं कधीच झालं नाही. हेही याच कार्बन डायऑक्साईडचं का?

भूलतज्ज्ञ_कोल्हापूर

दोघांची उत्तरं एकातच बसतात.

काका, ऑक्सिजनचा पहारेकरी आहे. गळ्यात दोन्ही बाजूंना, जिथे नाडी लागते त्या मोठ्या रोहिणीला फाटा फुटतो, तिथे तांदळाच्या दाण्याएवढा एक मांसल कण असतो, कॅरोटिड बॉडी. वजन काही मिलिग्रॅम, पण वजनाच्या मानाने त्यातून जाणारं रक्त शरीरातल्या कुठल्याही अवयवापेक्षा जास्त, कारण त्याचं काम रक्त चाखण्याचं. बेल्जियमचे कोर्नेल हेमन्स यांना या शोधाबद्दल १९३८ चं नोबेल मिळालं. स्पेनचे फर्नांदो द कास्त्रो यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तो कण बघून त्याआधीच ओळखलं होतं की ही चव घेणारी जागा आहे. त्यांना नोबेल मिळालं नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

पण हा पहारेकरी उशिरा बोलतो. ऑक्सिजनचा दाब शंभरावरून साठाच्या खाली येईपर्यंत त्याचा आवाज क्षीण असतो. आणि कार्बन डायऑक्साईड उतरलेला असला की त्याची हाक आणखी दबते. तुमच्या नातवाचं नेमकं तेच झालं, दोन्ही बाजूंनी.

निसर्गाने असं का केलं याचं मला पटलेलं उत्तर असं. जमिनीवर राहणाऱ्या प्राण्याभोवती ऑक्सिजन कायम २१ टक्के. श्वास जरा कमी-जास्त झाला तरी हिमोग्लोबिन भरलेलंच राहतं, त्यामुळे तो आकडा बघून श्वास किती हवा ते ठरवता येत नाही. कार्बन डायऑक्साईड मात्र श्वासागणिक हलतो, आणि रक्ताची आम्लता त्याच्यावरच टिकून असते. रोज कामाला येणारा काटा तोच. जमिनीवर हे चोख चालतं. पाण्याखाली, आणि तेही आधी श्वास फुंकून टाकून, तासभर खेळणारा प्राणी धरून ही व्यवस्था झालेली नाही.

डोंगरयात्री, तुमच्या बाबतीत उलटं. लेह सुमारे ३,५०० मीटरवर, हवा विरळ. तिथे ऑक्सिजन खरोखरच त्या गळ्यातल्या कणाला बोलायला लावण्याइतका उतरतो. तो श्वास वाढवतो. श्वास वाढला की कार्बन डायऑक्साईड उतरतो. जागेपणी मेंदू इतर कारणांनीही श्वास चालू ठेवतो, पण झोपेत सगळा कारभार कार्बन डायऑक्साईडच्या काट्यावर असतो. तो एका मर्यादेखाली गेला की श्वास थांबतो. थांबला की ऑक्सिजन आणखी उतरतो, कार्बन डायऑक्साईड चढतो, आणि मोठे श्वास परत सुरू. तुमच्या पत्नीने रात्रभर हेच चक्र हाताने मोजलं. उंचीवर पहिले काही दिवस हे अनेक निरोगी माणसांत होतं. डायमॉक्स म्हणून जी गोळी देतात ती मूत्रपिंडातून बायकार्बोनेट नावाचा अल्कधर्मी क्षार बाहेर टाकून रक्त थोडं आम्लाकडे झुकवते, म्हणून श्वास खंडत नाही. अर्थात ती डॉक्टरांना विचारूनच. आणि उंचीवर डोकेदुखी, तोल जाणं, बसल्याबसल्या धाप यातलं काही असेल तर झोपेचा विषय सोडून खाली उतरायचं.

काका, तुम्हाला एक प्रयोग सांगते, जमिनीवर, खुर्चीत बसून. करोनाच्या दिवसांत घेतलेलं बोटाचं यंत्र घरात असेल. आधी भराभर श्वास अजिबात न घेता, साधा श्वास भरून दम धरा. सहन होईनासं झालं की आकडा बघा. हृदयविकार किंवा रक्तदाब असेल तर करू नका.

सकाळची_साधना

माझा प्रश्न छोटा आहे. मी रोज कपालभाती करते आणि त्यानंतर कुंभक. आमच्या वर्गात कुणालाच चक्कर येत नाही. वाचून भीती वाटली. बंद करू का?

भूलतज्ज्ञ_कोल्हापूर

नका बंद करू, निरोगी असाल आणि नीट शिकून करत असाल तर. तुम्ही सतरंजीवर आहात. तिथे जास्तीत जास्त चक्कर येईल, आडव्या व्हाल, दम धरणारी इच्छा शुद्धीबरोबर जाईल आणि शरीर आपणहून श्वास सुरू करेल. पाण्यात शुद्ध गेल्यावरही शरीर तेच करतं, पण त्या पहिल्या श्वासात पाणी असतं. म्हणून नियम एवढाच: कपालभाती करून पाण्यात उतरायचं नाही. मिरगी, गरोदरपण, हृदयविकार असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला.

जुनी_आड

विहिरीचा विषय निघालाय म्हणून लिहितो. आमच्याकडे बीडला आड उपसायची कामं उन्हाळ्यात निघतात. वडील कधीही आधी माणूस उतरवायचे नाहीत. दोराला कंदील बांधून सोडायचे. कंदील विझला की त्या दिवशी काम बंद. लहानपणी शेजारच्या गावात एका बंद आडात एक माणूस उतरला, तो वर येईना म्हणून त्याचा भाऊ उतरला, तोही गेला. लोक सांगत की आवाज दिला नाही, हात मारले नाहीत, बसल्यासारखे झाले दोघं. गुदमरला असता तर माणूस ओरडला असता, ही गोष्ट मला तेव्हापासून छळते. ताई, तेही असंच का?

भूलतज्ज्ञ_कोल्हापूर

दादा, वाचून गलबलून आलं. त्या आडात नेमकं काय होतं ते मी इथून सांगू शकत नाही. पण तुमचे वडील फार मोठं शहाणपण पाळत होते.

बंद विहिरीत दोन-तीन गोष्टी होऊ शकतात. पालापाचोळा कुजून ऑक्सिजन वापरला जातो आणि कार्बन डायऑक्साईड साठतो. तो हवेहून जड, म्हणून तळाला बसतो. तिथे उतरणाऱ्याला धाप लागते, पण प्रमाण फार असेल तर काही श्वासांतच शुद्ध जाते. दुसरं असं की जागेत नुसताच ऑक्सिजन नसतो, मिथेन किंवा नायट्रोजन असतो. तिथे माणूस श्वास घेतोय, सोडतोय, त्याचा कार्बन डायऑक्साईड व्यवस्थित बाहेर जातोय, म्हणून गुदमरल्याची जाणीवच होत नाही. प्रत्येक श्वासागणिक रक्तातला ऑक्सिजन मात्र धुतला जातो. तो मदतीला हाक मारत नाही कारण त्याला काही वाईट वाटतच नसतं. वरून बघणाऱ्याला वाटतं घेरी आली, आणि तो धावून उतरतो. भावामागून भाऊ जातो तो असा.

जॉन स्कॉट हॉल्डेन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाचं आयुष्य याच प्रश्नात गेलं. खाणींत स्फोटानंतर माणसं कशाने मरतात ते बघायला ते स्वतः खाली उतरत, आणि विषारी वायू ओळखायला खाणीत पक्षी न्यावेत ही सूचना त्यांची. १९०५ मध्ये त्यांनी जे. जी. प्रीस्टली या सहकाऱ्याबरोबर दाखवलं की फुफ्फुसांतल्या हवेतला कार्बन डायऑक्साईड नुसता ०.२ टक्क्याने वाढला की श्वास दुप्पट होतो. स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिस डोंगराच्या माथ्यावर आणि इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या डॉल्कोथ खाणीच्या तळाशी, दोन्हीकडे त्यांनी फुफ्फुसांतली हवा तपासली. ऑक्सिजनचा दाब बदलत होता, कार्बन डायऑक्साईडचा जवळपास तोच. शरीर काय सांभाळून ठेवतं ते त्यातून कळलं. त्यांचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन लहानपणी वडिलांबरोबर खाणीत जायचे. ते १९५७ मध्ये भारतात आले, इथलं नागरिकत्व घेतलं आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

कंदिलाबद्दल एवढं सांगायला हवं. ज्योत ऑक्सिजन १६-१७ टक्क्यांवर आला की विझते, माणूस त्याहून खाली बेशुद्ध होतो, म्हणून कंदील वेळेवर सांगतो. पण गटारातला हायड्रोजन सल्फाईड किंवा कार्बन मोनॉक्साईड असेल तर कंदील जळत राहतो आणि माणूस जातो, आणि मिथेन असेल तर उघड्या ज्योतीने भडका उडू शकतो. आज वायू मोजणारं यंत्र मिळतं. ते नसेल आणि वरून हवा सोडायची सोय नसेल, तर कुणीही उतरू नये, कितीही जवळचा माणूस खाली असला तरी.

आणि काका, विहिरीवर शिकवता म्हणून हे पाठ असू द्या. बुडालेल्याला वर काढलं आणि तो श्वास घेत नसेल तर पोट दाबून पाणी काढण्यात, पायाला धरून उलटं फिरवण्यात एक क्षणही घालवायचा नाही. उताणा झोपवा, हनुवटी वर करा, नाक दाबून तोंडाने पाच श्वास द्या, छाती उचलते का बघा. हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध तीस दाब, दोन श्वास, तीस दाब, दोन श्वास, थांबायचं नाही. दुसऱ्या कुणीतरी १०८ ला फोन करायचा. साध्या बुडण्यात रक्तात थोडा ऑक्सिजन उरलेला असतो. या प्रकारात तो आधीच संपलेला असतो, म्हणून वेळ आणखी कमी मिळतो.

विहीरकाठ

ताई, प्रयोग केला. रक्तदाब नाही मला. ओसरीवर खुर्चीत बसलो, नातू घड्याळ धरून, पुतण्या यंत्राकडे बघत. साधा श्वास भरून दम धरला. ४८ सेकंदांनी पोट आपोआप आत हिसके द्यायला लागलं, त्यापुढे सहा सेकंद कसेबसे काढले आणि सोडला. तेव्हा यंत्रावर ९७. म्हणजे माझा जीव कासावीस झाला होता आणि रक्त भरलेलंच होतं. नातू म्हणाला, "अण्णा, मग मी वर आलो तेव्हा माझं किती असेल?" कुणी काही बोललं नाही.

भूलतज्ज्ञ_कोल्हापूर

बोटाचं यंत्र वीस-तीस सेकंद मागे असतं, काका. थोडं थांबला असतात तर आकडा अजून जरा खाली आलेला दिसला असता. पण निष्कर्ष तुम्ही काढलात तोच.

विहीरकाठ

थांबलो होतो. ९५ झाला आणि परत वर गेला.

विहिरीवर काय ठरवलं ते लिहितो, कुणाला उपयोग झाला तर होवो. बुडीआधी एकच श्वास, तोही हळू. कोण जास्त वेळ खाली राहतो ही पैज आमच्या विहिरीवर बंद. वाटीचा खेळ ठेवलाय, पण दुसरी वाटी, आणि ती आता पाण्याखालच्या चौथ्या पायरीवर ठेवतो, तळाला नाही. एका वेळी एकच पोर खाली, आणि एक मोठा माणूस पाण्यालगत, त्याच्या हातात मोबाईल नाही. वर आल्यावर पोराने तोंडाने आपलं नाव सांगायचं. नाव सांगितल्याशिवाय पुढचा उतरणार नाही. हे शेवटचं नातवाने सुचवलं.

काल संध्याकाळी पंधराही पोरांना पायऱ्यांवर बसवून त्यानेच सगळं समजावलं. कार्बन डायऑक्साईडचा काटा कसा मागे जातो ते कोळशाने भिंतीवर काढून दाखवलं. एकाने विचारलं, मग म्हैस पाण्यात एवढा वेळ कशी बसते? तो म्हणाला, तिचं नाक वर असतं, बघ ना नीट.

त्या दिवशी हातातून सुटलेली पितळेची वाटी अजून तळाला आहे. पाणी उतरलं की दिसेल. उद्या सकाळी सातला डबा बांधून चार नवी पोरं येणार आहेत, त्यातल्या दोन मुली.